कडू लागलं की हात वर करा

माझं नाक बसकं आहे. नवरा लाडाने 'नकटे' म्हणतो, सासू बिनलाडाने म्हणते, आणि मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. पण साथीच्या दिवसांत नाकावरून माणसाची सोय ठरायला लागली, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

माझी धाकटी जाऊ आणि मी एकाच हॉस्पिटलात. ती नर्स, कायम नोकरीतली. मी वॉर्डात झाडलोट, चादरी, पेशंटची भांडी, त्यांची घाण, सगळं करणारी, कंत्राटावरची. घरात मी थोरली. हॉस्पिटलच्या फाटकातून आत शिरलं की ती सिस्टर आणि मी मावशी. तिचं नाक म्हणजे चाफेकळी. ती लग्न होऊन आली तेव्हा सासूने पाहुण्यांना आधी तिची नोकरी नाही सांगितली, शिक्षण नाही सांगितलं. "नाक बघा नाक!" म्हणाली. आणि मी तिथेच पाण्याचे ग्लास घेऊन उभी.

साथ आली, वॉर्ड भरला, आणि आत जाणाऱ्यांना दोन प्रकारचे मास्क मिळायला लागले. एक जाड, चोचीसारखा, तोंडाला गच्च बसणारा. तो कायमवाल्यांना. दुसरा निळा, पातळ, कानाला अडकवायचा. तो आम्हाला. खोली एकच, खोकणारा एकच. सिस्टर सुई टोचून बाहेर यायची आणि मी त्याच खाटेखाली वाकून फरशी पुसत बसायची. मी सुपरवायझरला विचारलंसुद्धा, "काय हो साहेब, आतला रोग काय नोकरीचा कागद बघून चावतो?"

तो म्हणाला, "मावशी, मालच नाही. जहाज निघालं होतं म्हणे, पण वाटेतच कुठल्यातरी मोठ्या देशाने जास्त पैसे टाकून उचललं."

घ्या! म्हणजे मोठा देश लहान देशाच्या तोंडचं काढून घेणार, आणि लहान देशात कायमवाले आमच्या तोंडचं. वरपासून खालपर्यंत जिकडे बघावं तिकडे एक लाडकी जाऊ बसलेलीच.

मला मास्क स्वतःसाठी नको होता असं काही मी म्हणणार नाही. जीव कुणाला नको असतो? पण खरी धास्ती नवऱ्याची होती. त्याचं आयुष्य दगड कापायच्या कारखान्यात गेलं. छातीत धूळ बसलीय. जिना चढला की पायरीवर बसून पंप ओढतो आणि वर मलाच म्हणतो, "घाई काय आहे गं?" डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की याला साधी सर्दीसुद्धा होऊ देऊ नका, ही साथ तर याच्या छातीला झेपायचीच नाही. आणि मी रोज त्या वॉर्डातून उठून त्याच्याकडे जाणार. दाराशीच कपडे बादलीत टाकायचे, डोक्यावरून पाणी घ्यायचं, मग आत. तरी रोज पहिलं पाऊल घरात टाकताना उंबऱ्याशी अडायची.

जावेला ती भानगड नव्हती. कायमवाल्यांनी घरी रोग नेऊ नये म्हणून हॉस्पिटलने समोरच्या लॉजमध्ये खोल्या घेतल्या होत्या. आम्ही आमच्या घरी नेला तर चालणार होता बहुतेक. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, ट्रक घेऊन गेला तो सीमा बंद झाल्यावर तिकडेच अडकला. त्यामुळे बाईसाहेब एकट्या. पांढरी चादर, मोठी खिडकी, नळाला गरम पाणी. आणि तिचा डबा कोण पोचवणार? मी! सासू डब्याला फडकं बांधताना रोज म्हणायची, "हळू ने गं, सांडू नको. बिचारी एकटी आहे तिथे."

बिचारी! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

संध्याकाळी आमच्या रस्त्यावरच्या बायका गॅलरीत उभ्या राहून टाळ्या वाजवायच्या. मला म्हणायच्या, "तुमच्या सिस्टरना सांगा हं, केवढं ते धाडस!" आणि मी जवळून गेले की पटकन दार ओढून घ्यायच्या. एकाच वॉर्डातून आलेल्या दोघी, एकीला टाळ्या आणि एकीला कडी.

हे सगळं मी गिळत होते. मग एक दिवस माझं घरातलं ताटही फिरलं.

सकाळी चहा घेतला, तर नुसतं गरम पाणी. ना साखर, ना चहा. म्हटलं, म्हातारी विसरली असेल. दुपारी डब्यातली भाजी खाल्ली, तीही तशीच. भिजवलेला कागद चावतोय असं वाटलं. मग जावेचा रिकामा डबा न्यायला लॉजच्या दाराशी गेले, तर ती तो घेऊन खाली आली आणि लांबूनच म्हणाली, "जाऊबाई, आईंना सांगा, आज भाजी म्हणजे काय झाली होती! बोटं चाटली मी."

माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. अस्सं! म्हणजे मीठ-मसाला सगळा चाफेकळीच्या डब्यात आणि नकटीच्या डब्यात वरचं पाणी! एकाच पातेल्यातून दोन भाज्या काढायची ही कला सासूने कधी कमावली कुणास ठाऊक.

संध्याकाळी घरी गेले, अंघोळ केली, आणि पानावर बसले ती भांडायची तयारी करूनच. पहिला घास घेतला. पुन्हा तेच. मी चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "सासूबाई, घरात मीठ संपलंय का?"

"का गं?" सासू म्हणाली. "बरोबर तर आहे."

"बरोबर? जिचा डबा भरता तिचं बरोबर असेल. मला काय, कसंतरी पोट भरणारी बाई!"

"कशाला उगाच राईचा पर्वत करतेस? एकाच भांड्यातली आहे भाजी."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा पलीकडे खिडकीशी बसला होता. इतके दिवस मी त्याच्यापासून चार हात लांब जेवत होते. माझं ताट वेगळं, माझी कडेची जागा वेगळी. पण त्या क्षणी मला साक्षीदार हवा होता. मिठाच्या बाबतीत आमच्या नवऱ्यासारखा साक्षीदार जगात मिळायचा नाही. कण इकडेतिकडे झाला तरी ताट सरकवणारा माणूस. मी उठले, माझ्याच ताटातली भाजी माझ्याच चमच्याने उचलली आणि त्याच्या तोंडाजवळ नेली.

"घ्या. तुम्हीच सांगा याला चव आहे का. आईची बाजू घेऊ नका."

त्याने खाल्ली. चावली. माझ्याकडे बघून हसला.

"चांगलं झालंय की गं, नकटे," म्हणाला.

मी तो चमचा परत माझ्या ताटात आपटला आणि ठरवून टाकलं की हाही आईलाच सामील आहे.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात बातमी आली. थोडेसे जाड मास्क आलेत आणि कंत्राटी बायकांनाही मिळणार आहेत. पण सगळ्यांना नाही. जिच्या तोंडावर मास्क नीट बसेल तिलाच. ते मास्क कुठल्यातरी लांबच्या देशात तिथल्या दणकट पुरुषांची तोंडं मोजून शिवलेले. आमच्यासारख्या बायकांची तोंडं कोण मोजायला आलं होतं? नाकाशी फट राहिली की हवा आत, आणि हवेबरोबर सगळंच आत. म्हणून आधी चाचणी. नाव कुणी दिलं होतं माझं? चाचणी कोण घेणार? दोन्हींचं उत्तर एकच. आमच्या सिस्टर.

आता नाकाची परीक्षा चाफेकळी घेणार! मला वाटलं, बाई गं, हिने मला चारचौघींत नापास करायलाच बोलावलंय.

चाचणी अशी होती. खुर्चीवर बसायचं. डोक्यावरून खांद्यापर्यंत एक मोठं टोपडं चढवायचं, त्याला तोंडासमोर पारदर्शक खिडकी. खिडकीला भोक. त्या भोकातून रबरी फुगा दाबून सिस्टर आत एक कडू औषध फवारणार. पहिल्या खेपेला मास्क नाही. तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायचा आणि कडू लागलं की हात वर करायचा. म्हणजे तुम्हाला कडू कळतं हे आधी नक्की होतं. मग मास्क घालायचा आणि पुन्हा तेच. आता कडू लागलं तर फट आहे, म्हणजे नापास. नाही लागलं तर हवा गळत नाही, म्हणजे पास आणि मास्क तुमचा. आणि ज्या बाईला पहिल्या खेपेलाच कडू लागणार नाही, तिची पुढची चाचणीच नाही. तिने घरी जायचं.

माझ्या आधी धोबीणबाई बसल्या. हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या, उंच, हाडापेराच्या. पहिल्या फवाऱ्यालाच त्यांनी हात वर करून "ई गं!" केलं. मग मास्क घातला, मान डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. खाली वाकल्या आणि टोपड्यातूनच ओरडल्या, "कडू! कडू! काढा हे मेलं!" बेसिनवर जाऊन थुंकत राहिल्या. नापास. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते कडूपणाचं नव्हतं.

"पुढे कोण? जाऊबाई, या," सिस्टर म्हणाली. "काही त्रास नाही ना? ताप, खोकला?"

"मला काय धाड भरलीय!" मी म्हणाले आणि बसले. ताप नव्हताच. खोकला नव्हता, नाकातून थेंब नव्हता.

टोपडं चढलं. फुगा दाबल्याचा आवाज आला. गालाला गार गार लागलं. मी तोंड उघडं ठेवलं, जीभ पुढे काढली आणि कडूची वाट बघत बसले. पुन्हा फुस्स. पुन्हा फुस्स. ओठ ओले झाले. काही नाही. खिडकीतून मला सिस्टरचे डोळे दिसत होते, माझ्या हाताकडे लागलेले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. म्हणजे मला वाटलं की लक्षात आलं. हिने पाणी भरलंय! धोबीणबाई उठल्यावर बाटली बदलली असणार. मला पहिल्याच पायरीवर बाद करायचं, म्हणजे पुढे नाकाचा प्रश्नच नाही आणि कुणी नाव ठेवायलाही नको. घरात पाणचट चहा, डब्यात पाणचट भाजी, आणि इथे पाणचट औषध. काय जुळवलंय सासू-सुनेने!

पण मीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हते. डोळे गच्च मिटले, तोंड धोबीणबाईंसारखं वाकडं केलं आणि हात सरळ वर. "ई! कडूजहर आहे हो!"

"छान," सिस्टर म्हणाली. खूश वाटली. मला वाटलं, नाटकी कुठली.

मग मास्क दिला. तिनेच पट्टे ओढले, नाकावरची पट्टी दोन बोटांनी दाबली. माझ्या बसक्या नाकावर तिची बोटं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टोपडं पुन्हा चढलं. मान फिरवा म्हणाली, फिरवली. वाका म्हणाली, वाकले. मग म्हणाली, "आता मोठ्याने बोला. जबडा हलला पाहिजे."

"काय बोलू?"

"काहीही."

काहीही म्हटल्यावर मी सोडते होय? मी सुरू केलं. "एका घरात दोन सुना होत्या. एकीला खोली, एकीला खराटा. एकीचा डबा दुसरी वाहते. एकीच्या डब्यात भाजी, दुसरीच्या डब्यात भाजीचं धुवण. एकीसाठी टाळ्या..." रांगेतल्या बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या. सिस्टर फुगा दाबत राहिली. तिचे कान लाल झालेले मला खिडकीतून दिसले आणि मला फार बरं वाटलं.

"कडू?" तिने शेवटी विचारलं.

"छे!"

"पास!" ती म्हणाली, आणि टोपडं काढून लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या तिने. "नाकावर कसा बसलाय बघा! मी म्हटलं होतं मेट्रन बाईंना, त्यांना नक्की बसेल. जाऊबाई, आता बेसिनवर चूळ भरून घ्या, ओठांवरचं कडू लवकर जात नाही."

मास्क हातात आला होता. आता मी कशाला गप्प बसू? म्हणाले, "पाण्यावर पाण्याची चूळ कशाला भरायची गं?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय ते तुला ठाऊक. माझ्या वेळी बाटलीत पाणी भरलंस ना? मला बाद करायला? पण मी तुझी थोरली जाऊ आहे म्हटलं. कडू लागल्याचं सोंग केलं आणि तुझ्या नाकावर टिच्चून पास झाले!"

तिने टेबलावरच्या बाटलीकडे बोट दाखवलं. "अहो, बाटली एकच आहे. सगळ्यांना तीच."

"होय का?" मी टेबलावरची बाटली उचलली, बूच काढलं, तळहातावर ओतलं आणि सगळ्यांसमोर जिभेने चाटलं. "बघा गं बायांनो. पाणी! शुद्ध पाणी!"

कुणी हसलं नाही. धोबीणबाईंनी पुढे होऊन टेबलावर सांडलेल्या थेंबाला बोट लावलं, बोट जिभेला लावलं, आणि धावत बेसिन गाठलं.

आणि माझी जाऊ एक पाऊल मागे सरकली.

तेवढं एकच पाऊल. वॉर्डात नवीन पेशंट आला की आम्ही सगळे नकळत सरकतो ना, तसं. मी ते पाऊल पाहिलं आणि मला सगळं कळलं. चव जाते म्हणून वॉर्डात बोलताना मी ऐकलं होतं, पण ताप आल्यावर जात असेल असं मी धरून चालले होते. चहा चांगलाच होता. भाजी चांगलीच होती. म्हातारी खरं बोलत होती. पाणचट झाली होती ती माझी जीभ.

"जाऊबाई," ती हळू आवाजात म्हणाली, "कधीपासून?"

माझ्या डोळ्यांसमोर तो चमचा होता. माझ्या ताटातला, माझ्या तोंडातला, जो मी माझ्या हाताने त्याच्या तोंडात घातला होता. खोकल्यानं नाही, शिंकेनं नाही. निव्वळ जळफळाटापायी मी तो रोग उचलून चमच्याने नवऱ्याला भरवला होता. मी खाली बसले आणि म्हणाले, "अगं, मी त्यांना भरवलं गं."

तेव्हा तीच पुढे आली. स्वतःचा मास्क घट्ट केला, माझ्या काखेत हात घातला आणि मला उभी केली.

माझी तपासणी झाली. रोग निघाला. घरच्या दोघांची झाली, त्यांना तेव्हा काही निघालं नाही, पण सगळे म्हणाले की अजून कळायचं नाही, वाट बघायची. मग प्रश्न आला मला ठेवायचं कुठे. वॉर्डात जागा नव्हती, आणि मी धडधाकट. मेट्रन बाई म्हणाल्या, "कंत्राटी लोकांना लॉजची सोय नाही. घरी पाठवा, एका खोलीत राहतील."

"घरी त्यांचा नवरा आहे," जाऊ म्हणाली. "छाती खराब आहे. एका खोलीत म्हणजे कुठल्या? दोनच खोल्या आहेत आमच्या."

"नियम आहे. मी काय करू?"

"मग माझी खोली त्यांना द्या. ती तर नियमात आहे ना? मी रजा घेते आणि घरी जाते. माझी तपासणी कालच स्वच्छ आलीय. भाऊजींना बघायला कुणीतरी हवंच."

अशी मला ती खोली मिळाली. पांढरी चादर, मोठी खिडकी, गरम पाणी, सगळं. ज्या खोलीकडे बघून मी रोज जळत होते त्या खोलीत मी आडवी पडले, आणि खोटं सांगत नाही, तिथेही मला जळायला कारण मिळालं. आता माझ्या घरात ती होती. माझ्या स्वयंपाकघरात ती, माझ्या सासूशी गप्पा मारणारी ती, आणि माझ्या नवऱ्याच्या दाराशी मास्क लावून खुर्ची टाकून बसलेली ती. फोनवर विचारायची, "जाऊबाई, चहापत्तीचा डबा कुठे ठेवलात?" माझा जीव तीळ तीळ तुटायचा. तो डबा डोळे मिटून माझ्या हाताला लागतो, आणि तिला तो शोधावा लागतोय. पण त्याच्याजवळ ती आहे. मी नाही.

संध्याकाळी समोरच्या गॅलऱ्यांतून लॉजकडे बघून टाळ्या वाजायच्या. मी पडदा ओढून घ्यायची.

फोन यायचा नवरा जेवल्यावर. जाऊ फोन त्याच्या दाराशी ठेवून मागे सरकायची आणि तो उचलायचा. मी बाकी काही विचारायची नाही. एकच प्रश्न. "जेवण कसं होतं?"

आणि पहिल्याच दिवशी तो वैतागून म्हणाला, "कसलं जेवण! नकटे, ह्या पोरीला स्वयंपाक कुणी शिकवला? समुद्रात बुडवून आणलाय रस्सा. खारट्ट!"

मी उशीत तोंड खुपसून हसले. रडले म्हणा हवं तर. त्याला खारट लागत होतं! त्याच्या जिभेला मीठ कळत होतं! आणि वर, आता खरं ते सांगते, मनातून उकळ्या फुटत होत्या. सिस्टर असशील, चाफेकळी असशील, पण साधा रस्सा येत नाही तुला. माझ्या नवऱ्याला माझ्याच हातचं लागतं.

रोज तेच. "आज तर तोंडात घालवत नव्हतं." "आज मी अर्धं तसंच ठेवलं." "तू कधी येतेस? ही मला मिठात मुरवून ठेवणार आहे." मी त्याला खोटं खोटं दटावायची, "गप्प खा. पोर एवढं करतेय तर." आणि फोन ठेवला की गुणगुणत खिडकीशी जायची. कुणी माझ्या जावेच्या स्वयंपाकाला शिव्या दिल्या आणि मला त्या ऐकून एवढं गोड वाटलं, असं आयुष्यात झालं नव्हतं. माझ्या जिभेवरही हळूहळू चव परत येत होती. लॉजचा चहा फार गोड असतो हे मला कळायला लागलं होतं.

आज फोन आला तो नवऱ्याचा नव्हता. जावेचा होता.

"जाऊबाई, भाऊजी जेवले."

"काय म्हणाले? खारट?" मी हसतच विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "चांगलं झालंय म्हणाले. सगळं संपवलं."

इतक्या वर्षांत माझ्या हातच्या जेवणाला त्याने कधी आपणहून चांगलं म्हटलं होतं? मी चमचा तोंडात कोंबला तेव्हा एकदा म्हणाला, आणि तेही आईच्या भाजीला! आणि ही चार दिवस माझ्या चुलीशी उभी राहिली तर लगेच चांगलं झालं? मी तोडूनच बोलले, "बरं झालं बाई. शिकलीस एकदाची."





"जाऊबाई, मला स्वयंपाक येतो," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून मी त्यांच्या वाटीत मुद्दाम मीठ जास्त घालतेय. ते ओरडले की मला कळायचं की बरे आहेत. आज तर मी नेहमीपेक्षा दुप्पट घातलं होतं. मी चाखून पाहिलं, मला गिळवलं नाही."

मी खाटेची कड धरली.

"ताप नाही अजून," ती भराभर बोलायला लागली, सिस्टर बोलते तशी. "श्वास बरा आहे. आपल्याला लवकर कळलंय, जाऊबाई, ऐकताय ना? लवकर कळलंय. मी गाडी बोलावलीय. खाट मिळत नव्हती, कायमवाल्यांच्या रक्ताच्या माणसांना आधी देतात. मी सांगितलं, माझे सख्खे मोठे भाऊ आहेत. तसंच लिहून दिलंय. तुम्हाला चालेल ना?"

खोली तिची, मास्क तिने दिलेला, आता नवरासुद्धा तिच्याच नात्याने आत जाणार. माझं त्यात नावही नाही. "चालेल," मी म्हणाले. "तुला काय वाटेल ते सांग. फक्त त्यांना आत घाल."

"त्यांना अजून काही सांगितलं नाहीये. घाबरले की छाती भरून येते त्यांची. गाडी येईपर्यंत तुम्ही बोला त्यांच्याशी. साधंच बोला." फोन जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. मग तिची पावलं मागे गेली. मग त्याची सपाता ओढत आलेली पावलं.

"नकटे!" तो म्हणाला. आवाज नेहमीचाच होता, पोट भरल्यावर असतो तसा. "अगं, आज तुझ्या जावेने कमाल केली. काय रस्सा केला होता! मीठ अगदी बेताचं. मी वाटी पुसून खाल्ली. तुला राग येईल, पण सांगू का? तुझ्यापेक्षा चांगला."

खिडकीखालून हॉस्पिटलची गाडी फाटकाबाहेर पडली. आमच्या घराच्या दिशेने वळली.

"राग कसला त्यात?" मी म्हणाले. "तिच्या हाताला आहेच हो माझ्यापेक्षा चव."